दंडावर बांधायचं डिजिटल बीपी मशीन: दीड वर्ष वापरून, किडनीच्या पेशंटकडून

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. सांगलीत बँकेत नोकरी करते, वय ३४, आणि मला आयजीए नेफ्रोपॅथी आहे, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती किडनीला इजा करते असा जुनाट आजार. रिव्ह्यू मशीनचाच आहे, पण आजार बाजूला ठेवून नुसतं मशीनबद्दल मला लिहिता येणार नाही, कारण हे मशीन घरात आलं तेव्हाच मला माझा आजार खरा कळायला लागला.

मशीन साधंच आहे. दंडाला पट्टा बांधायचा, बटण दाबायचं, वरचा खालचा आकडा आणि पल्स दिसते. चार पेन्सिल सेल लागतात. मार्च २०२४ मध्ये मेडिकलमधून २,१०० रुपयाला घेतलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मॉडेलं सारखी बदलत असतात आणि नाव वाचून लोक तेवढंच बघून घेतात, त्यापेक्षा काय बघून घ्यायचं ते सांगते.

हे माझं दुसरं मशीन. पहिलं मनगटावरचं होतं, आणि त्याच्यापायी माझे दोन-अडीच महिने वाया गेले, ते आधी सांगते.

२०२२ च्या फेब्रुवारीत मला सर्दी झाली, घसा धरला आणि दुसऱ्याच दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी झाली. आईला सांगितलं तर म्हणाली उन्हाळी लागली असेल, सब्जा पी, धने-जिऱ्याचं पाणी पी. प्यायले, तीन दिवसात रंग नेहमीसारखा झाला, विषय संपला. आता कळतं की उन्हाळी लागली की जळजळ होते आणि मला जळजळ अजिबात नव्हती, काहीच दुखत नव्हतं. घसा दुखायला लागल्यावर एक-दोन दिवसातच लघवीला असा रंग येणं ही ह्या आजाराची अगदी ओळखीची खूण आहे, पण हे आम्हाला कोण सांगणार. नोव्हेंबर २०२३ मध्ये परत तेच झालं, ह्या वेळी फॅमिली डॉक्टरांकडे गेले, लघवीत प्रोटीन ३ प्लस, रक्तपेशी भरपूर, बीपी १५२/९६. त्यांनी गोळी दिली, म्हणाले घरी बीपी बघत रहा आणि पंधरा दिवसांनी परत लघवी तपासू.

मी ऑनलाइन मनगटावरचं मशीन मागवलं, लहान, पर्समध्ये मावणारं. ते रोज ११०/७२, ११२/७४ दाखवायचं. मला इतकं बरं वाटलं की मी गोळी बंद केली आणि पंधरा दिवसांनी गेलेच नाही. दिवाळी, मग बहिणीचं लग्न, मग बँकेत वर्षअखेरीची कामं. फेब्रुवारीत पाय सुजले म्हणून गेले तर बीपी १५८/१००. तिथेच पर्समधून मशीन काढून लावून बघितलं तर ते १२० च्या आत दाखवतंय. त्या क्षणी पोटात खड्डा पडला माझ्या. मशीनमध्ये दोष होता का मी हात छातीच्या वर धरून मोजत होते म्हणून, हे आता सांगता येणार नाही. मनगटावरच्या मशीनला हात बरोबर छातीच्या, म्हणजे हृदयाच्या उंचीला धरावा लागतो, जरा वर-खाली झाला तरी आकडा बदलतो, त्यामुळे शक्यतो दंडावरचंच वापरा असं डॉक्टर सांगतात. मी आता कुणी विचारलं की पहिलं हेच सांगते.

मग मिरजेला किडनीच्या डॉक्टरांकडे गेले, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीने गाळून बाहेर टाकायचा कचरा) १.३ निघालं, माझ्या वयाला आणि बाईमाणसाला त्याचा अर्थ किडनीचं काम शंभरातून साधारण ५५ वर आलंय, म्हणजे पाचपैकी तिसऱ्या स्टेजची सुरुवात. मला वाटलेलं १.३ म्हणजे जरासंच वाढलंय! बायोप्सी झाली. बायोप्सीची भीती वाटत असेल तर एवढंच सांगते की पालथं झोपवतात, पाठीत भुलीचं इंजेक्शन देतात, सोनोग्राफीत बघत बघत सुईने दोन बारीक तुकडे काढतात, टक्कन आवाज येतो, नंतर मात्र पूर्ण दिवस उताणं पडून रहायला लागतं ते जास्त अवघड गेलं मला. ह्या आजाराचं निदान पक्कं व्हायला बायोप्सीच लागते, कारण किडनीत साठलेलं आयजीए (एक प्रकारची अँटीबॉडी) खास तपासणीत चमकताना दिसतं तेव्हाच खात्री होते. १९६८ मध्ये पॅरिसमधल्या जाँ बर्जे ह्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असंच ते पहिल्यांदा दाखवलं, म्हणून काही जण ह्याला बर्जर्स डिसीज म्हणतात.

आता आजार काय आहे ते. डॉक्टरांनी मला नीट समजावलं पण खरं डोक्यात शिरलं ते आप्पांमुळे. आप्पांची तासगावकडे द्राक्षबाग आहे. मी त्यांना सांगितलं की आयजीए म्हणजे घसा, आतडी अशा ठिकाणी जंतूंशी लढणारी अँटीबॉडी, सगळ्यांच्या अंगात असते, माझ्यात तिच्यातल्या काहींच्या घडणीत साखरेचा एक अंश कमी पडतो, मग शरीराला ती परकी वाटते आणि तिच्याविरुद्धच दुसऱ्या अँटीबॉडी तयार होतात, दोन्ही एकमेकींना चिकटून त्यांचे गठ्ठे होतात आणि ते किडनीतल्या गाळण्यांमध्ये जाऊन अडकतात, तिथे सूज येते, हळूहळू व्रण पडतात. आप्पा सगळं शांतपणे ऐकून म्हणाले, "म्हंजे फिल्टर चोकअप व्हायलाय म्हण की." आणि मग विचारलं, "गेज कुठाय?"

ठिबक ज्यांच्याकडे आहे त्यांना कळेल. फिल्टरच्या आधी एक आणि नंतर एक असे प्रेशरचे गेज असतात, बोअरच्या पाण्यातला क्षार किंवा कचरा अडकला की दोन्ही गेजमधला फरक वाढतो, बाहेरून बघून काही कळत नाही, पाणी तर येतच असतं. शेतकरी गेज बघतो, फिल्टर धुतो, नाहीतर पुढे झाडांना पाणी कमी पडायला लागतं. आप्पांचं म्हणणं होतं की आजार फिल्टरचा असेल तर गेज घरात पाहिजे, आणि ते बरोबरच होतं. फक्त किडनीच्या गाळण्या ॲसिड सोडून धुता येत नाहीत, एकदा व्रण पडला तो पडला. एकेका किडनीत साधारण दहा लाख गाळण्या असतात, काही निकामी झाल्या की उरलेल्यांवर जास्त प्रेशर येतं आणि त्याही लवकर खराब होतात. म्हणून बीपी कमी ठेवायचं. नुसतं हार्टसाठी नाही हो, किडनीसाठी!

दुसऱ्याच दिवशी आप्पा सांगलीला आले आणि आम्ही दोघं मेडिकलमध्ये जाऊन हे मशीन घेऊन आलो.

डॉक्टरांनी मला टार्गेट दिलं घरी १२०/७० च्या आसपास. बाकीच्यांना १३० चालतं, मला नाही, कारण लघवीतून प्रोटीन जातंय. तुमचं टार्गेट तुमच्या डॉक्टरांना विचारा, वयस्कर माणसाला किंवा चक्कर येणाऱ्याला वेगळं असू शकतं.

मोजायची पद्धत, कारण मशीन कितीही चांगलं असलं तरी पद्धत चुकली की आकडा चुकतो. मी सकाळी उठले की आधी लघवीला जाऊन येते (मूत्राशय भरलेलं असेल तर बीपी जास्त येतं हे मला माहितच नव्हतं), चहाच्या आधी आणि गोळीच्या आधी, पाठ टेकून खुर्चीत बसते, पाय जमिनीला टेकवून, मांडीवर मांडी नाही, हात टेबलावर, पट्टा बाहीवर न बांधता उघड्या दंडावर, कोपराच्या दोन बोटं वर. पाच मिनिटं नुसतं बसायचं, मोबाईल नाही, बोलायचं नाही. हे पाच मिनिटांचं सगळ्यात अवघड आहे, घरात सकाळी पाच मिनिटं कोण बसू देतंय, पण ते चुकवून मोजलं तर माझा आकडा दहाने जास्त येतो हे मी स्वतः करून बघितलंय. मग एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं आणि दोन्ही लिहायचे. संध्याकाळी जेवणाआधी परत तसंच. रोज मोजायची गरज नाही, मी सुरुवातीला दिवसातून आठ-आठ वेळा मोजायचे आणि दर वेळी घाबरायचे, त्यावर डॉक्टरांनी सांगितलं की ओपीडीच्या आधीचे सात दिवस सकाळ-संध्याकाळ मोजा, पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढून आणा, मधल्या काळात आठवड्यातून दोन दिवस पुरे.

मशीन काम कसं करतं ते पण सांगते, म्हणजे एरर का येतो ते कळेल. पट्टा फुगून रक्तवाहिनी दाबतो, मग हवा हळूहळू सोडताना रक्ताच्या धक्क्यांनी पट्ट्यात जी थरथर होते ती मशीन ओळखतं आणि त्यावरून हिशोब करतं. तेव्हा तुम्ही हात हलवला, बोललात, खोकलात की गडबड होते. पट्टा सैल बांधला तरी एरर. सेल उतरलेले असले तरी एरर, ह्याला मी दोनदा फसले, मशीन बिघडलं समजून दुकानात घेऊन गेले आणि सेल बदलल्यावर चालू झालं.

पट्ट्याचं माप! हे कोणी सांगत नाही. आप्पांचा दंड चांगला जाड, ३४ सेंटीमीटर, त्यांना नेहमीचा २२ ते ३२ चा पट्टा आखूड पडायचा, आणि आखूड पट्ट्याने बीपी खोटं जास्त येतं. त्यांना १६४ दाखवलं, मोठ्या पट्ट्याने १४६. म्हणजे बीपी होतंच, पण माझ्या निमित्ताने कळलं आणि त्यांचीही गोळी सुरू झाली. त्यामुळे घेताना टेपने दंड मोजून जा, आणि घरात सगळ्यांनी वापरायचं असेल तर २२ ते ४२ चा पट्टा मिळतो तो घ्या.

आता ह्या मशीनने मला काय काय दाखवलं. मीठ. दिवसाला जास्तीत जास्त ५ ग्रॅम मीठ म्हणजे चहाचा सपाट एक चमचा, त्यात स्वयंपाकातलं, लोणच्यातलं, बाहेरचं सगळं आलं. मला वाटायचं मी मीठ कमीच खाते, भाजीत कमी घालत होते ना. पण सांगलीत राहून भडंग न खाणारं माणूस दाखवा मला. बँकेत चार वाजता भडंग, रविवारी पापड, आमटीबरोबर लोणचं, आणि आईचा खर्डा. एकदा पाहुणे होते म्हणून तीन दिवस सगळं चाललं आणि चौथ्या दिवशी सकाळी १३८/८६, त्याआधीचा आठवडाभर १२२-१२४ होतं. परत आठ दिवस सगळं बंद केलं तर खाली आलं. मग महिनाभराने मुद्दाम नाही पण गावच्या यात्रेत परत तसंच झालं, परत वर. डॉक्टर, डायटिशियन सगळ्यांनी सांगून जे झालं नव्हतं ते वहीतल्या दोन ओळींनी झालं. आता भडंग घरी करते, बिनमिठाची, लसूण, कढीपत्ता आणि मिरची जास्त, बऱ्यापैकी लागते. आणि एक महत्त्वाचं, बाजारात लो सोडियम मीठ मिळतं ते चांगलं म्हणून मैत्रिणीने आणून दिलं होतं, ते किडनीच्या पेशंटने विचारल्याशिवाय अजिबात घेऊ नये, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं आणि टेल्मिसार्टनसारख्या बीपीच्या गोळ्यांनी आधीच पोटॅशियम वाढायची शक्यता असते, ते जास्त वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

दुसरी गोष्ट, ओपीडीतला आकडा. मिरजेला एसटीने जायचं, जिना चढायचा, तीन तास बसायचं, कुणाचं डायलिसिस चालू आहे ते बघत, आणि मग आत गेल्या गेल्या पट्टा बांधतात. माझं तिथे बहुतेक वेळा १४५ च्या वर. एकदा गोळी वाढवायचं चाललं होतं, मी वही पुढे केली, सात दिवसांची सरासरी ११८/७४. डॉक्टरांनी वही वाचली, पाच मिनिटं बसवून परत स्वतः मोजलं, १२६ आलं, गोळी आहे तेवढीच राहिली. ह्याच्या उलटही असतं बरं का, दवाखान्यात चांगलं आणि घरी जास्त, ते जास्त वाईट कारण लक्षातच येत नाही. स्टेरॉइडचा कोर्स चालू होता तेव्हा माझं तसं झालं, संध्याकाळचा आकडा १३५-१४० व्हायला लागला, मी फोन करून सांगितलं, तिथे मात्र गोळी वाढवली.

पण एक गोष्ट जीव तोडून सांगते. हे मशीन अर्धंच सांगतं. बीपी छान आहे म्हणजे किडनी छान आहे असं नाही, हाच गैरसमज करून मी मनगटाच्या मशीनवर विसंबले होते. आजार कुठे चाललाय हे लघवीतल्या प्रोटीनवरून कळतं, आणि क्रिएटिनिनवरून. माझं प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो सुरुवातीला १.८ होतं, आता ०.६ आहे, डॉक्टरांना ते ०.५ च्या खाली आणि जमलं तर ०.३ च्याही खाली पाहिजे. दर तीन महिन्यांनी तपासते. तो रिपोर्ट आणि बीपीची वही एकाच फाइलमध्ये ठेवते, म्हणजे दोन्ही गेज एकत्र दिसतात, आप्पांच्या भाषेत.

माझ्या गोळ्या आहेत टेल्मिसार्टन आणि डापाग्लिफ्लोझिन (मूळची डायबेटिसची गोळी, किडनीसाठीही देतात), स्टेरॉइड संपलं. नवीन औषधं आली आहेत, लहान आतड्याच्या शेवटच्या भागात जाऊन सुटणारं बुडेसोनाइड हे स्टेरॉइड अमेरिकेत २०२१ च्या डिसेंबरमध्ये मंजूर झालं, त्यानंतर अजून काही, डॉक्टर म्हणाले तुझे आकडे खाली येतायत तोवर थांबू. माझ्या गोळ्या बघून तुम्ही घेऊ नका. टेल्मिसार्टन सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यात क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासावं लागतं, क्रिएटिनिन थोडं वाढतं सुद्धा, मी घाबरून बंद करणार होते, पण ३० टक्क्यांपर्यंतची वाढ सहसा चालवून घेतात. आणि बायकांसाठी, ही गोळी गरोदरपणात चालत नाही, बाळाला धोका असतो, त्यामुळे मूल हवं असेल तर आधी सांगायचं, दिवस गेल्यावर नाही. आम्ही नवरा-बायकोने हे डॉक्टरांशी बसून बोललोय, सोपं नव्हतं ते बोलणं, पण झालं ते बरं झालं. जुलाब-उलट्या होत असतील तर ह्या गोळ्या चालू ठेवायच्या का ते त्याच दिवशी फोन करून विचारायचं. निर्जळी उपास मी सोडला, डापाग्लिफ्लोझिनवर असताना उपाशी आणि कोरडं राहणं धोक्याचं, सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या देव काही रागावत नाही, मी धरते तुझ्या वाटचा. डोकं किंवा कंबर दुखली की मेडिकलमधून मिळणाऱ्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनच्या गोळ्या बंद म्हणजे बंद. किडनी साफ करणारी चूर्णं आणि भस्मंही लोकांनी प्रेमाने आणून दिली, मी नम्रपणे परत केली.

मशीनच्या तक्रारी आता. पट्ट्याचं वेल्क्रो सव्वा वर्षात ढिलं पडलं, नवीन पट्टा मागवला तर मशीनच्या किमतीच्या जवळजवळ निम्मे पैसे गेले, हे मला पटलं नाही. स्क्रीनला लाइट नाही, पहाटे ट्यूब लावल्याशिवाय आकडा दिसत नाही आणि मुलगी उठते. मेमरी आहे पण आप्पा आले की त्यांचे आकडे माझ्यात मिसळतात, म्हणून वहीच बरी, शंभर पानी, तारीख, वेळ, दोन आकडे, आणि बाजूला काय वेगळं झालं ते, "लग्नाचं जेवण", "झोप नाही", "गोळी विसरले". मोबाईलला जोडणारं महाग मॉडेल घ्यायची गरज मला तरी वाटली नाही. पहिल्यांदा बीपी जास्त असेल तर पट्टा परत फुगतो आणि दंड चांगलाच आवळतो, आईला ते सहन होत नाही.

घ्यायचं असेल तर दंडावरचंच घ्या, पट्ट्याचं माप बघा, आणि ते मॉडेल तपासून प्रमाणित केलेलं आहे का ते बघा, स्ट्राइड बीपी म्हणून एक यादी इंटरनेटवर आहे, त्यात मॉडेल नंबर टाकून शोधता येतं, दुकानदार "सगळी सारखीच" म्हणतात पण सारखी नसतात. बिलावर आणि वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का घ्या. ऑनलाइन फार स्वस्त मिळत असेल तर मी तरी घेणार नाही.

माझ्याकडून पाचपैकी चार, एक कापला तो पट्ट्यासाठी.

वर्षातून एकदा मी मशीन पिशवीत घालून ओपीडीत नेते आणि तिथल्या मशीनशी ताडून बघते, एकाच दंडाला, एकामागोमाग एक. यंदा चारचा फरक निघाला, आमचं चारने जास्त दाखवतं, डॉक्टर म्हणाले चालेल, आणि वहीच्या पहिल्या पानावर तारीख घालून तसं लिहून दिलं.